सह्याद्रीचं नाव ऑब्जेक्ट

मी बुडालो तो तृतीय वर्ष भूगोलाच्या साठ विद्यार्थ्यांदेखत, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, वाघोलीच्या आमच्या कॉलेजातल्या कम्प्युटर लॅबमध्ये. समुद्रशास्त्राचा पेपर मी सोळा वर्षं शिकवतोय. भरती-ओहोटीचं गणित मला झोपेतून उठवून विचारा. पण पडद्यावरच्या समुद्रात शिरलेल्या माणसाला बाहेर कसं काढायचं, हे मला माहीत नव्हतं आणि लॅब असिस्टंट रामदास यांनाही नव्हतं. पडद्यावरचा मी, म्हणजे माझा अवतार (त्याला अवतारच म्हणतात, माझा इलाज नाही), तळाशी हात लोंबकळत ठेवून उभा होता. डोक्यावरून मासे जात होते.

"घाबरू नका सर," रामदास म्हणाले. "यात मरत नाही कोणी."

दोन दिवस मी तळाशीच होतो. स्टाफरूममध्ये कुणी "कोथिंबिरे सर कुठायत?" असं विचारलं की तीन जण एकदम "खाली" म्हणायचे. माझं नाव उत्तरेश्वर. आधीच एवढं नाव आणि त्यापुढे कोथिंबिरे असं आडनाव घेऊन पुण्यात वीस वर्षं मान राखून राहणं सोपं नाही. त्यात हे.

हे सगळं विद्यापीठाच्या एका परिपत्रकामुळे झालं. दोन हजार नऊ सालची गोष्ट. हिंजवडीत रोज एक काचेची इमारत उभी राहत होती आणि आपण मागे पडतोय अशी भीती सगळ्यांनाच वाटत होती. विद्यापीठालाही ती वाटली. मग परिपत्रक निघालं: प्रत्येक कॉलेजाने इंटरनेटवरच्या आभासी जगात एक शैक्षणिक स्थळ उभारावं, तृतीय वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने त्यात शिरून वीस गुणांचं प्रात्यक्षिक करावं, आणि हे स्थळ 'सर्व विद्यार्थ्यांसाठी सुलभ' असावं. फेब्रुवारीत समिती येऊन पाहणी करेल.

प्राचार्य जयसिंग मोहोळकरांनी मला बोलावलं आणि परिपत्रक पुढे सरकवलं.

"सर, हे कम्प्युटर विभागाचं काम आहे," मी म्हणालो.

"कोथिंबिरे, जग हा विषय कुणाचा? भूगोलाचा. मग आभासी असो नाहीतर खरं, ते तुमच्याकडेच येणार."

या युक्तिवादाला उत्तर नाही. निदान माझ्यासारख्या तदर्थ पदावरून कायम झालेल्या माणसाकडे नसतं.

काम हातात घेतल्यावर मात्र मी मागे हटलो नाही, हे नमूद करतो. दिवाळीच्या सुटीत घरी बसून मी सह्याद्री उभारला. भीमाशंकरचा डोंगर, पश्चिमेला कोकणात कोसळणारा कडा, पूर्वेला हळूहळू उतरत जाणारं पठार, त्यावरून निघणारी भीमा नदी, तिच्यावर एक बंधारा. माउसने डोंगर ओढून वर काढताना मला जे वाटलं ते वर्णन करून सांगण्यासारखं नाही. सांगितलं तर गर्व दिसेल. बायको चहा घेऊन आली, दोन मिनिटं पाहत उभी राहिली.

"छान आहे," शालन म्हणाली. "अहो, पण बाथरूमचा नळ पंधरा दिवस गळतोय. तो बंद करा आधी, मग तिकडे नदी सोडा."

सुटी संपून मी लॅबमध्ये बुडालो तरी नळ गळतच होता; त्यासाठी वायसर मागायला मी शेजारी परांजप्यांकडे गेलो, ही चूक झाली. दीनानाथ परांजपे आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीचे माजी सेक्रेटरी. त्यांचा मुलगा अभय हिंजवडीत असल्यामुळे संगणक या विषयातला शेवटचा शब्द ते स्वतःकडे राखून आहेत. वायसर न देता ते माझ्याबरोबर आले आणि माझ्या खुर्चीत बसले.

"प्रवेशद्वार कुठल्या दिशेला आहे हे?"

"दक्षिणेला."

"झालं. म्हणूनच बुडालात तुम्ही."

"अहो परांजपे, ते आभासी आहे. त्याला कसली आलीय दिशा?"

"भूगोलाचा प्राध्यापक म्हणतोय दिशा नाही," परांजपे भिंतीकडे बघून म्हणाले. "आमच्या अभयच्या कंपनीत सर्व्हरसुद्धा ईशान्येला ठेवलाय."

मी दार पूर्वेला फिरवलं. पटलं म्हणून नव्हे. ते उठेनात म्हणून.

डिसेंबरात नोंदणीसाठी विद्यापीठात गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी मला चार पानी फॉर्म दिला. चटई क्षेत्र किती, मजले किती, अग्निशामक उपकरणं बसवली आहेत काय, बांधकाम पूर्णत्वाचा दाखला जोडला आहे काय.

"हा इमारतीचा फॉर्म आहे," मी म्हणालो. "माझा डोंगर आहे. तोही कम्प्युटरमधला."

"नवीन स्थळ आहे ना?"

"हो, पण..."

"मग हाच फॉर्म. मजले शून्य लिहा." त्यांनी पान उलटलं. "सुलभचा कॉलम रिकामा आहे. किती बांधलीत?"

"काय किती?"

"सुलभ. स्त्रियांची वेगळी, पुरुषांची वेगळी."

मी परिपत्रक दाखवलं. सुलभ म्हणजे सर्वांना वापरता येईल असं, अपंग विद्यार्थ्यांनासुद्धा, असा खुलासा केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"असं. म्हणजे रॅम्प. रॅम्प आहे का?"

"आभासी जगात माणसं उडतात हो!"

"उडेनात का. रॅम्प दाखवल्याशिवाय शिक्का मिळणार नाही. आणि त्याच्यावर पाटी पाहिजे. 'रॅम्प' अशी."

मी वाघोलीला परत गेलो आणि भीमाशंकरच्या डोंगराला रॅम्प बांधला. त्याला 'रॅम्प' असं नाव दिलं. फोटो काढून नेला. 'सर्व विद्यार्थ्यांसाठी सुलभ' असा गोल शिक्का मिळाला. प्राचार्यांनी तो नोटीसबोर्डावर लावला, आणि चौथ्या दिवशी जिनत अत्तार माझ्या केबिनच्या दारात उभी राहिली.

जिनत तृतीय वर्षाची. जन्मापासून दिसत नाही. रोज स्वारगेटहून एकटी बसने वाघोलीला यायची, आणि कुठला स्टॉप आला हे कंडक्टरच्या आधी सांगायची. वर्गात पहिल्या बाकावर बसून नोट्स रेकॉर्ड करायची. माझं तिच्याशी तोपर्यंत फारसं बोलणं झालं नव्हतं. का झालं नव्हतं, याचा विचार मी केला नव्हता.

"सर, त्या प्रॅक्टिकलच्या वीस मार्कांचं माझं काय?"

"काही काळजी करू नकोस," मी म्हणालो. "रॅम्प बांधलाय."

हे वाक्य मी उच्चारलं. पूर्ण शुद्धीत, एम.ए., बी.एड., एम.फिल. असताना.

जिनत म्हणाली, "सर, मी चालते नीट. मला दिसत नाही."

मग तीच म्हणाली की लॅबमध्ये चला. कम्प्युटर तिला पडदा वाचून दाखवायचा, यांत्रिक आवाजात. पण आभासी जग म्हणजे नुसतं चित्र, त्यात वाचण्यासारखं काही नाही, म्हणून त्याच्यापुढे तो मुका व्हायचा. तिने अंध मंडळींच्या एका ईमेल ग्रुपवर विचारून एक छोटा प्रोग्रॅम मिळवला होता. तो त्याच जगात शिरायचा, पण चित्राऐवजी शब्द द्यायचा: तुमच्या आजूबाजूला कुठल्या वस्तू आहेत, त्यांची नावं काय, किती पावलांवर आहेत. तिने तो सुरू केला आणि माझ्या सह्याद्रीत शिरली. मी अभिमानाने मागे उभा.

"ऑब्जेक्ट," यंत्र म्हणालं. "ऑब्जेक्ट. ऑब्जेक्ट. ऑब्जेक्ट. रॅम्प. ऑब्जेक्ट. ऑब्जेक्ट."

"यातला सह्याद्री कुठला, सर?"

मी जे जे बांधलं होतं त्याला नाव द्यायची जागा होती. मी दिलं नव्हतं. डोंगर दिसतोय, मग नाव कशाला? त्यामुळे प्रत्येक गोष्टीचं नाव ते जग आपोआप देतं तेच राहिलं होतं. भीमा नदी, ऑब्जेक्ट. कोकणकडा, ऑब्जेक्ट. साठ फुटांवर हिरडा, ऑब्जेक्ट. एकट्या रॅम्पला तेवढं नाव होतं, ते खिडकीतल्या गृहस्थांच्या कृपेने.

मी प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी लगेच तोडगा काढला. "सूट द्या. सरासरी गुण लावून टाका, मुलगी खूश, आपण मोकळे."

मुलगी खूश झाली नाही. "सूट नको सर. तीन वर्षं सगळे मला सूटच देतायत. नकाशा आला, सूट. आलेख आला, सूट. उद्या कुणी विचारलं, भूगोलात काय शिकलीस, तर काय सांगू?"

मला राग आला. खरं सांगतो, तिचाच आला. दिवाळीची सुटी घालवून डोंगर बांधला, दार फिरवलं, रॅम्प घातला, शिक्का आणला, आणि आता ही! पण बिबवेवाडीला पोचेपर्यंत राग उतरला आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी बसलं. दुसऱ्या दिवशी मी मॉनिटरवर टॉवेल टाकला, जिनतचा प्रोग्रॅम लावला आणि स्वतःच्या सह्याद्रीत शिरलो. दहा मिनिटांत हरवलो. पंधराव्या मिनिटाला पुन्हा समुद्रात.

मग नावं द्यायला बसलो. एकूण चारशे बारा वस्तू निघाल्या. प्रत्येकीला नाव आणि खाली दोन ओळी वर्णन. पहिल्या वर्णनावर मी खास मेहनत घेतली: 'सह्याद्रीचा भव्य व नयनरम्य कडा.' जिनतने ऐकलं.

"भव्य म्हणजे किती मीटर?"

"हजारच्या आसपास."

"मग हजार लिहा. आणि नयनरम्य माझ्या काही उपयोगाचं नाही, ते काढा. उतार कुठल्या बाजूला? हात लावला तर काय लागेल? दगड? माती? आणखी दोन पावलं टाकली तर मी पडेन का?"

सोळा वर्षं हा कडा मी शिकवत होतो. यातल्या निम्म्या प्रश्नांना मला पुस्तक उघडावं लागलं.

"सर, राग मानू नका," ती एकदा म्हणाली, "पण तुम्ही एका तासात 'हे बघा' एकतीस वेळा म्हणता. मी मोजलंय. रेकॉर्डिंग आहे."

त्या दिवसापासून माझी वर्गात बोबडी वळायला लागली. फळ्याकडे छडी नेली की तोंडातून 'हे ब' एवढं निघे आणि मी तिथेच थांबे. मुलांना वाटलं, सरांना काहीतरी झालंय. परांजप्यांनी एक आयुर्वेदिक चूर्ण आणून दिलं.

यंत्राचाही छळ निराळा. त्याला मराठी येत नव्हतं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं ते साहेबी तोंडाने वाचायचं. भीमेला 'भायमा' म्हणायचं, घोडनदीला 'गॉड नाडी'. त्याच्याकडून नीट उच्चार काढण्यासाठी मी असं काही स्पेलिंग केलं की बार्शीच्या माझ्या शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तरांनी पाहिलं असतं तर पुन्हा पाचवीत बसवलं असतं.

नदी कुठे आहे हे नावावरून कळायचं, पण कुठे वळते ते कळायचं नाही. "आवाज घाला," जिनत म्हणाली. "पाणी ऐकत ऐकत मी काठाने जाईन." म्हणून एका रविवारी सकाळी मी मोबाइल घेऊन बंडगार्डनच्या बंधाऱ्यावर गेलो. पाणी पडत होतं. वासाचं मी बोलत नाही. हात लांब करून रेकॉर्डिंग करत असताना माकडटोपी घातलेले एक आजोबा शेजारी येऊन उभे राहिले.

"काय करताय?"

मी तोंडावर बोट ठेवून मोबाइल दाखवला आणि कुजबुजलो, "नदीचा आवाज."

"नदी आहे होय ही?" ते खणखणीत आवाजात म्हणाले. "बरं झालं सांगितलंत."

आणि निघून गेले. पुन्हा रेकॉर्डिंग करायला गेलो तेव्हा बंधाऱ्याचं पाणी आटलं होतं. त्यामुळे आमच्या आभासी भीमेच्या बंधाऱ्यापाशी चालताना दर चाळीस सेकंदांनी खळखळाटातून "नदी आहे होय ही? बरं झालं सांगितलंत" असं ऐकू यायचं. मी ते कापण्यासाठी तीन दिवस खपलो. जिनत म्हणाली, "राहू द्या सर. ते आजोबा आले की मला कळतं, बंधारा जवळ आला."

समिती आली गुरुवारी. पुण्यात गुरुवारी वीज जाते हे पाळण्यातल्या मुलालाही माहीत आहे, पण समितीला गुरुवारच सोयीचा होता. अध्यक्ष डॉ. शर्मिला देवधर, सोबत दोन सदस्य. प्राचार्यांनी शाली, नारळ, समोसे अशी तयारी ठेवली होती. बाई लॅबच्या खुर्चीत बसल्या आणि वीज गेली.

जनरेटर सुरू झाला. कम्प्युटर सुरू झाले. पण इंटरनेटची मुख्य लाइन काही आली नाही. रामदास यांनी स्वतःचा मोबाइल जोडून कसंबसं इंटरनेट आणलं. त्या बारीक धारेतून माझा सह्याद्री यायचा होता. पाच मिनिटं झाली. पडद्यावर राखाडी धुकं आणि मधोमध माझ्या अवताराचे बूट. फक्त बूट.

"डोंगर येतोय," मी म्हणालो.

दहा मिनिटांनी उजव्या बुटाची लेस आली.

देवधर बाईंनी घड्याळ पाहिलं. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माझी पुढची दहा वर्षं होती. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून जिनत म्हणाली, "सर, माझं चालू आहे."

तिला चित्र लागतच नव्हतं. नुसते शब्द तेवढ्या धारेतून सहज येत होते. नदीचा आवाज तिच्या मशीनमध्ये आधीच उतरवलेला होता. आम्ही सगळे उठून तिच्याभोवती उभे राहिलो. तिने स्पीकर मोठा केला आणि चालायला लागली.

"आता मी बंधाऱ्याकडून वर निघालेय," ती म्हणाली. "पायाखाली काळा दगड, बेसॉल्ट. चढ हळू आहे, कारण ही पूर्वेची बाजू."

"हे तुला कसं कळलं?" देवधर बाईंनी विचारलं. "तुला हे सरांनी पाठ करून..."

"मॅडम, जरा शांत राहाल का? नदी ऐकू येत नाही."

प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. मीही. खोलीत एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत पाणी खळाळलं. मग आजोबांचा आवाज आला: "नदी आहे होय ही? बरं झालं सांगितलंत."

"हे कोण?" एका सदस्यांनी दचकून विचारलं.

"स्थानिक रहिवासी," मी म्हणालो.

जिनत नदी धरून वर वर गेली. पाण्याचा आवाज बारीक होत होत थांबला. "आता माथ्यावर आले, तोंड उत्तरेकडे केलं. इथे पाऊस पडला तर माझ्या डाव्या हाताचं पाणी अरबी समुद्रात जाणार आणि उजव्या हाताचं पार बंगालच्या उपसागरात. मी मधे उभी आहे. डावीकडे आणखी दोन पावलं टाकली तर पडेन."

ती टाकत नव्हती तरी देवधर बाईंनी तिच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. एक सदस्य डोळे मिटून बसले होते. प्राचार्यांनी त्यांना कोपराने हलवलं. "झोपलो नाही हो," ते म्हणाले, "तिथेच उभा आहे मी."

जलविभाजक मी सोळा वर्षं शिकवतोय. त्याच्यावर कुणाला उभं केलं नव्हतं. मी खिडकीकडे जाऊन बाहेरच्या नगर रोडवरचे ट्रक पाहत बसलो, कारण दुसरीकडे पाहण्यासारखी माझ्या चेहऱ्याची अवस्था नव्हती.

समितीचा अहवाल आला. 'दृश्य सादरीकरण असमाधानकारक. इतर ठीक.' त्यातल्या 'इतर' या शब्दावर मी आठवडाभर जळफळत होतो. पुढच्या वर्षी विद्यापीठाने आभासी जगाची योजनाच बंद केली. ते सोडा. गोष्ट निकालाची आहे.

जूनमध्ये निकाल लागला. जिनतला बाराशेपैकी सातशे एकोणीस. प्रथम श्रेणीला सातशे वीस लागतात, आणि एम.ए.ला तिला जिथे प्रवेश हवा होता तिथे प्रथम श्रेणीशिवाय अर्जही घेत नव्हते. ती केबिनमध्ये आली. रडली नाही, भांडली नाही.

"सर, प्रॅक्टिकलला एकोणीस आहेत. तो एक मार्क कशात गेला? सांगा, म्हणजे सुधारते."

मी तिचा प्रात्यक्षिकाचा अहवाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग शेवटपासून वाचला. कशातच गेला नव्हता. भूगोलात पैकीच्या पैकी द्यायची आमच्याकडे पद्धत नाही, एवढंच. पद्धत कुणी पाडली? मला शिकवणाऱ्यांनी. त्यांच्यासाठी कुणी पाडली, ते त्यांनाही माहीत नसावं. मुलीचं वर्ष त्या पद्धतीत अडकलं होतं.

"बस," मी म्हणालो. "मी बघतो."

दुसऱ्या दिवशी विद्यापीठात गुणदुरुस्तीच्या खिडकीपुढे उभा राहिलो. दोन तासांनी नंबर लागला. आतल्या बाईंनी अर्ज घेतला.

"तक्रारदार कोण?"

"मी. प्राध्यापक कोथिंबिरे."

"गुण कुणी दिले?"

"प्राध्यापक कोथिंबिरे."

"तुमचे भाऊ का?"

"मीच."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे तक्रार कुणाविरुद्ध आहे?"

"माझ्याविरुद्ध."

"कारण काय लिहू?"

"परीक्षकाची चूक."

"परीक्षकाला मान्य आहे?"

"पूर्णपणे."

मागच्या रांगेत कुणीतरी "अहो काका, घरी भांडा ना" म्हणालं. मी मागे वळलो नाही. बाईंनी फॉर्म पुढे केला. खाली डावीकडे तक्रारदाराची सही, उजवीकडे संबंधित शिक्षकाची. मी दोन्ही केल्या. त्यांनी त्या पट्टी लावून बघितल्या.

"या दोन्ही एकाच माणसाच्या दिसतायत. चालणार नाही. नियमात दोन व्यक्ती लागतात."

त्यांनी नवा फॉर्म दिला. मी तक्रारदाराची सही नेहमीची केली. मग पेन डाव्या हातात घेतलं आणि संबंधित शिक्षकाच्या जागी, आयुष्यात पहिल्यांदाच, दुसऱ्या कुणाची तरी वाटावी अशी सही केली. बाईंनी ती निरखून पाहिली.

"यांचं अक्षर फारच वाईट आहे," त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला.